किल्ल्यामागचं गाव

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. सिंधुदुर्गाच्या तटावर कोवळं ऊन नुकतंच टेकलं होतं. फळीखाली हवेच्या टाक्या आडव्या ठेवलेल्या; लाटेसरशी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये जुन्या टायरचे तुकडे खोचलेले. माझ्यासमोर बसलेला विशीतला मुलगा एका रुंद पट्ट्यात शिशाच्या वड्या ओवत होता. “ताई, वजन किती तुमचं?” त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने चार वड्या ओवल्या, माझ्याकडे एकवार पाहिलं आणि पाचवी घातली.

तो पट्टा मांडीवर घेतला आणि नजर आपोआप समोरच्या तटाकडे गेली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. ४८ एकरांच्या खडकाळ बेटाला वळसे घेत जाणारी तटबंदी तीन वर्षांत उभी राहिली. तटाचे पायाचे चिरे हलू नयेत म्हणून त्यांत शिसं ओतलं होतं, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. समुद्रात ठाव धरायला तेव्हा भिंतीला शिसं लागलं होतं, आज माझ्या कमरेला लागत होतं. होडी किल्ल्याला डावीकडून वळसा घालून मागे गेली, शहर दिसेनासं झालं आणि इंजिन बंद झालं. आता आमच्याखाली पाण्यात बुडालेली ती खडपं होती, ज्यांच्यासाठी मी सात वर्षांनी परत आले होते.

परत येण्याचं कारण माझ्या घरातल्या एका व्हिडिओत आहे.

दहा मिनिटांचं पाणी

सात वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत आम्ही सगळं कुटुंब मालवणला आलो होतो. किनाऱ्यावर जागोजागी स्कूबाचे फलक होते. एका होडीवाल्याकडे पैसे भरले, होडीतच तोंडाने श्वास घ्यायची पाच मिनिटं तालीम झाली आणि एकामागून एक आम्हाला खाली नेण्यात आलं. जेमतेम पंधरा-वीस फूट पाणी. मागून एकाने टाकी धरलेली, समोर दुसरा कॅमेरा घेऊन. त्याने पिशवीतून पावाचा तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि क्षणात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांनी मला घेरलं. दहा मिनिटांनी मी वर आले ती हरखून. तो व्हिडिओ आम्ही किती जणांना दाखवला, त्याची गणती नाही.

दोन-तीन वर्षांनी प्रवाळांवरचं एक पुस्तक वाचत असताना त्यातलं एक छायाचित्र ओळखीचं वाटलं. मी व्हिडिओ पुन्हा लावला आणि या वेळी चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघितलं. तोल सावरण्यासाठी मी ज्या खडकावर दोन्ही पाय रोवून उभी होते, तो खडक नव्हता. भाताच्या मुदीसारखा गोल, पिवळट तपकिरी, बारीक छिद्राछिद्रांचा तो पोराइट्स जातीचा प्रवाळ होता. जिवंत. माझ्या आधी त्या दिवशी किती जण त्याच्यावर उभे राहिले असतील आणि माझ्यानंतर किती, हे मोजायला मन धजेना.

अशी घट्ट मूद बांधणारा प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. परातीएवढा प्रवाळ व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. त्याच्या वरच्या पातळ जिवंत थरावर टाच घासली, तर ती जखम भरून यायला महिने लागतात. तेवढ्यात तिथे शेवाळ रुजलं तर ती भरतच नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मालवणच्या सागरी अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांची जी मोडतोड होते, तिच्यावर २०२० साली शोधनिबंध प्रसिद्ध केला आहे. माझ्या व्हिडिओतला पाय त्या मोडतोडीतला एक होता.

म्हणून या वेळी मी नीट शिकायचं ठरवलं.

आधी श्वास

मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या देवबागच्या अरुंद पट्टीचं हे तोंड. इथे २०१५ पासून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था आहे. समुद्रात जाण्याआधी सराव करायला खोल तलाव आहे. समुद्रात उतरायचं तर आधी तलावात चुका करून घ्यायच्या, हा शिकण्याचा सगळ्यात सुरक्षित मार्ग.

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असा अनेकांचा समज आहे. असते ती आपली रोजचीच हवा, दाबून भरलेली. तोंडात धरलेला रेग्युलेटर ती हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच करून देतो, म्हणून खोल पाण्यातही छाती सहज फुलते. जॅक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गाँयां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये हे उपकरण सिद्ध केलं आणि माणूस वरच्या नळीपासून मोकळा झाला.

नियम एकच, आणि तो पहिल्या मिनिटाला सांगतात: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर ती वाटेत दुप्पट फुगते आणि फुप्फुसाला इजा करते. घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो, श्वास धरतो आणि वर धावतो. म्हणून सगळं शिक्षण भीतीच्या त्या क्षणासाठी असतं. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरू द्यायचं, नाकातून फुंकून ते बाहेर घालवायचं. तोंडातला रेग्युलेटर काढायचा, बुडबुडे सोडत राहायचं आणि तो पुन्हा तोंडात धरायचा. उतरताना दर थोड्या अंतरावर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे कानाचे दडे सुटतात. कान दुखला तर पुढे जायचं नाही, थोडं वर यायचं.

खुणाही नव्याने शिकाव्या लागतात. जमिनीवर अंगठा वर केला की ‘छान’. पाण्यात त्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

मला सर्वांत अवघड गेलं ते स्थिर राहणं. जॅकेटमध्ये हवा जास्त झाली की माणूस वर जातो, कमी झाली की तळाला बसतो. या दोहोंच्या मध्ये एक जागा असते, जिथे शरीर बुडत नाही आणि तरंगतही नाही. ती जागा सापडली की श्वास घेतला की बोटभर वर, सोडला की बोटभर खाली, एवढीच हालचाल उरते. माझे शिक्षक रत्नागिरीकडचे, कमी बोलणारे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला तलावाच्या कडेला बसवून सांगितलं, “हात-पाय मारून पुढे जाता येतं, ताई. पण कशालाही न धरता एका जागी राहता आलं, की डायव्हिंग आलं.” आपण सात वर्षांपूर्वी नेमकं काय न शिकता खाली गेलो होतो, ते मला त्या वाक्यात कळलं.

खडपातली वस्ती

आता त्या सकाळी किल्ल्यामागे, दोरीला धरून मी हळूहळू उतरले. पाणी हिरवट, पाच-सहा मीटरपर्यंत नजर जाईल इतकं. डिसेंबरचा महिना होता. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, तेव्हा इथे हाताचा पंजाही दिसत नाही. ऑक्टोबरनंतर पाणी निवळत जातं. उतरता उतरता मनगटावर बांधलेल्या देवळातल्या लाल धाग्याकडे लक्ष गेलं. तो तपकिरी झाला होता. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग सगळ्यांत आधी गिळतं. वर गेल्यावर तो आपोआप लाल होणार होता.

पहिलं जाणवलं ते ऐकू येणं. समुद्राच्या तळाशी शांतता असते असं मला वाटायचं. पण खडपाजवळ सतत तडतड चालू होती, कढईत मोहरी तडतडावी तशी. बारीक कोळंबीच्या जातीचे जीव नांग्या फटकारतात त्याचा हा आवाज. त्यात मधूनच ‘कट्, कट्’ असा स्पष्ट आवाज आला. वळून पाहिलं तर निळसर हिरवा पोपटमासा खडकावरचं शेवाळ चोचीसारख्या दातांनी खरवडत होता. खडकाचा चुराही त्याच्या पोटात जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. आपण पायांनी तुडवतो त्या किनाऱ्यांवरच्या कितीतरी पांढऱ्या वाळूत या माशांच्या जातभाईंचा हातभार असतो.

शिक्षकांनी खूण केली. कपारीतून दोन लांब मिशा हलत होत्या. शेवंड. ताटात तिचा तांबडा रंग पाहिलेला, इथे ती खडकाच्याच रंगाची होती. शेजारच्या बिळात वामेच्या जातीचा मोरे ईल तोंड उघडत मिटत होता. धमकावल्यासारखं वाटतं, पण तो श्वास घेत असतो. वाळूच्या पट्ट्यावर दोन डोळे तेवढे वर दिसले. मी नीट पाहिल्यावर त्यांच्याभोवती वाळूने झाकलेल्या वाघळीची गोल कड उमटली. पंख फडफडवून ती उठली आणि मागे धुळीचा ढग ठेवून निघून गेली.

आणि मग प्रवाळ. मालवणचे प्रवाळ अंदमान-लक्षद्वीपसारखे फांद्यांचे, झगमगीत नाहीत. चार महिने गढूळ आणि कमी खारट होणारं पाणी सोसणाऱ्या, चिवट जाती इथे टिकल्या आहेत. मुदीसारखे पोराइट्स, मधाच्या पोळ्यासारखे फॅव्हाइट्स, पत्रावळीच्या द्रोणासारखे वळलेले टर्बिनारिया. एका मुदीसमोर मी वीतभर अंतरावर स्थिर झाले. हात छातीशी घडी घातलेले. श्वास आत, बोटभर वर. श्वास बाहेर, बोटभर खाली.

जवळून पाहिल्यावर त्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे शेकडो कप्पे दिसले. प्रत्येक कप्प्यात एक जीव. तो चुन्याचं घर बांधतो, आणि त्याच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवालं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला देतात. रंगही त्या शैवालांचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं, की ही भागीदारी मोडते. शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढराफटक होतो. जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी मोठी लाट आल्याचं एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. मालवणच्या प्रवाळांनीही अशी वर्षं सोसली आहेत. माझ्यासमोरच्या मुदीच्या एका कडेला तळहाताएवढा पांढरा डाग होता. उष्णतेचा, नांगराचा की कुणाच्या टाचेचा, हे डाग सांगत नाही. त्या डागाच्या कडेने मात्र नवा तपकिरी थर पुढे सरकत होता.

त्या वेळी मला गाव आठवलं. कुणी भिंती बांधतंय, कुणी अंगण झाडतंय, कुणी दारात बसून पाहतंय, कुणी दिवसा झोपून रात्री कामाला लागतंय. पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्याकडे येणारी माणसं या गावावरून होड्या वल्हवत गेली.

रापणीचा वाटा

माझं आजोळ आचऱ्याचं. लहानपणी मे महिन्यात आचऱ्याच्या वाळूवर आम्ही रापण ओढायला धावायचो. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळं टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि अख्ख्या वाडीने ते ओढायचे. मासळीचे वाटे पडत. ज्याने दोराला हात लावला त्याच्या पदरात काही ना काही पडेच, अगदी आमच्यासारख्या पाहुण्या पोरांच्याही. मूठभर पेडवे घेऊन आम्ही आजीकडे पळत सुटायचो.

मला शिशाच्या वड्या ओवून देणारा मुलगा अशाच रापणकरांच्या घरातला. आजा रापणीवर, बाप ट्रॉलरवर खलाशी, आणि हा डायव्हर. त्या घराच्या तीन पिढ्यांत या किनाऱ्याचा इतिहास आला. मोठ्या यांत्रिक बोटी आल्या, पर्ससीनची जाळी आली, रात्री एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करणं सुरू झालं. रापणकरांच्या जाळ्यापर्यंत यायच्या आतच बांगड्याचे थवे उचलले जाऊ लागले. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, एलईडी मासेमारीला २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. कागदावरचा नियम रात्रीच्या समुद्रात पाळला जातोय का, यावरचं भांडण अजून चालू आहे.

याच माणसांनी अभयारण्यालाही विरोध केला, हे विसरून चालणार नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोवतालची खडपं मिळून सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. ज्या पाण्यावर पोट होतं, ते पाणी एका अधिसूचनेने परकं होईल ही भीती खरी होती. ट्रॉलरला रोखणारं कुणी नाही आणि पागाच्या जाळ्याने मासे पकडणाऱ्याला मात्र दंड, असं चित्र त्यांना दिसत होतं. समुद्र वाचवायचा तर समुद्राकाठच्या माणसाला शत्रू ठरवून तो वाचत नाही, हा धडा इथे सरकारला सावकाश शिकावा लागला.

त्या धड्याची एक चांगली खूण मला महत्त्वाची वाटते. जाळ्यात कासव, देवमुशीसारखा संरक्षित मासा किंवा डॉल्फिन अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची भरपाई म्हणून २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये सुरू केली. जाळं म्हणजे त्या घराची वर्षाची पुंजी. ती कापायचा निर्णय मध्यरात्री, भर समुद्रात, होडीच्या तांडेलाला घ्यावा लागतो. तो त्याच्या दयेवर सोडून न देता त्याला हात देणं, हे खरं संरक्षण.

आणि आता स्कूबा. या किनाऱ्यावर पहिल्यांदाच असं झालं की तळाशी राहिलेल्या माशाचेही पैसे मिळू लागले. पकडलेली शेवंड एकदा विकली जाते. कपारीत राहिलेली शेवंड पूर्ण हंगामभर, रोज नव्या पाहुण्याला दिसते. खडप कुठे आहे, सुकतीला पाणी कुठे ओढतं, वारा फिरला की कोणत्या बाजूला नांगर धरत नाही, ही पिढीजात माहिती असलेल्या तरुणांना गावातच रोजगार मिळाला.

आणखी पश्चिमेला

या खडपांपलीकडे केवढा समुद्र आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं आंग्रिया बँक आहे. खोल समुद्रातून उठलेलं हे बुडित पठार, त्याचा माथा पाण्याखाली वीस-बावीस मीटरवर. किनाऱ्याचा गाळ तिथवर पोचत नाही, म्हणून पाणी नितळ आणि प्रवाळ भरघोस.

किनाऱ्यालगत कुबड असलेले डॉल्फिन बारमाही राहतात. ते जाळ्यातली मासळी पळवतात, जाळी फाडतात, अशी मच्छीमारांची तक्रार असते. कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या संशोधकांनी मच्छीमारांशी बोलतच त्यांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समुद्रात निळ्या देवमाशांची नोंद झाली, तीही याच कामातून. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी आपल्या दारातून जातो, आणि बहुतेक मराठी माणसांना त्याची खबर नाही.

नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही नौका निवतीच्या समुद्रात तळाशी नेऊन तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम खडप करण्याचा राज्याचा प्रकल्प आहे. पोलादी सांगाड्यावर शिंपले, स्पंज, प्रवाळ रुजतात, मासे आसरा घेतात. त्यामुळे जुन्या खडपांवरची गर्दी खरोखर कमी झाली, तर त्याचा उपयोग. दोन्हीकडे गर्दी वाढली तर नाही.

पाहुण्याची रीत

गर्दीचा प्रश्न टाळता येत नाही. दहा मिनिटांच्या डाइव्हचा दर उतरत जातो, तसा माणशी वेळ उतरतो, तालीम उतरते, काळजी उतरते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांचे प्राण गेले. होडीत किती माणसं, लाइफ जॅकेट आहे की नाही, समुद्र कसा आहे, हे विचारणं पाहुण्याचा हक्क आहे आणि कर्तव्यही. विचारणारं गिऱ्हाईक वाढलं की सांभाळून धंदा करणारा माणूस टिकतो.

पावाचंही तेच. पावावर तुटून पडणारे पट्टेरी मासे कॅमेऱ्यात छान दिसतात. पण पीठ हे त्यांचं अन्न नाही. आयतं मिळालं की शेवाळ खाणारे मासे शेवाळ सोडतात, धीट जाती बाकीच्यांना हुसकावतात, आणि न खरवडलेलं शेवाळ प्रवाळावर चढतं. एका पावाचं काही वाटत नाही. हंगामातल्या रोजच्या शेकडो पावांचं वाटायला हवं. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणणं तर सरळ गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीला हे प्रवाळ २००१ पासून आहेत.

उपाय कुणाला माहीत नाहीत असं नाही. नांगर टाकण्याऐवजी कायमचे बोये, एका खडपावर दिवसाला ठरावीक माणसं, पावबंदी, पाण्यात उतरण्याआधी उथळ वाळूवर पुरेशी तालीम, आणि काही खडपांना आळीपाळीने विश्रांती. रापणीत जसा वाडीने मिळून नियम पाळला, तसा हाही मिळून पाळावा लागेल. आणि आपण, जे पुण्या-मुंबईहून येतो, त्यांनी स्वस्तातली दहा मिनिटं मागणं सोडायला हवं. जास्त पैसे द्यावे, जास्त वेळ शिकावं, कमी वेळा जावं. कुणाच्या घरी गेलो तर आपण चपला बाहेर काढतो. इथे उंबरठा दिसत नाही, एवढाच फरक.

दुपारी होडी धक्क्याला लागली. मनगटावरचा धागा पुन्हा लाल झाला होता. मुलाने माझ्या कमरेचा पट्टा सोडवून वड्या मोजून डब्यात टाकल्या. वाळूवर माडाच्या सावलीत त्याचे आजोबा जाळं शिवत बसले होते. मी जवळून जाताना त्यांनी मान वर केली आणि समुद्रावरून परतणाऱ्या कुणालाही विचारावं तसं विचारलं, “काय हाडलंस गो?”

“काय नाय, आजोबा. नुसतं बघून इलंय.”

त्यांनी सुईतला धागा दातांनी तोडला, किल्ल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरा केलंस. थंयसरच रवांदे.”